जाहिरात न आलेली जागा

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला मागण्याचा संकोच नसतो, असे आपण समजतो. थकलेली उधारी मागायला तो चौथ्यांदा जातो, नव्या मालाचा नमुना घेऊन अनोळखी दुकानाची पायरी चढतो, घाऊक व्यापाऱ्याशी दरासाठी तासभर घासाघीस करतो. परंतु त्याच मुलाला, ‘अमुक कारखान्यात जाऊन आपल्यासाठी काम आहे का, ते विचारून ये,’ असे सांगितले की त्याचे पाय जड होतात. घरातील वडीलधाऱ्यांचाही चेहरा उतरतो. ‘आपल्याकडे माणसे काम मागायला येतात, आपण जात नाही,’ हा अभिमान रत्नागिरीच्या पेढ्यांवर अजून शिल्लक आहे. वस्तुस्थिती अशी की दुकान एक आणि ते सांभाळणारे भाऊ तीन, अशी वेळ अनेक घरांवर आली आहे. तिसरा भाऊ मग वर्तमानपत्रातील जाहिराती चाळतो, चार महिन्यांत कंटाळतो आणि ‘येथे काही नाही’ म्हणून मुंबईची गाडी धरतो.

येथे काही नाही, हे त्याने जाहिरातींवरून ठरविलेले असते. जागा रिकामी असणे आणि तिची जाहिरात येणे या मात्र दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचा कायदा संसदेने १९५९ साली केला, तेव्हा खाजगी क्षेत्रात तो २५ किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांसाठीच होता. तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम त्यातून वगळले होते, शेतीबागायतीतील बहुतेक काम वगळले होते. आणि कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच घ्यावे, असे बंधनही मालकावर नव्हते. सहा माणसांची पेढी, दहा माणसांचे गोदाम, चौघांचे करसल्लागाराचे कार्यालय यांच्याकडील जागा त्यामुळे कोणत्याच कागदावर आल्या नाहीत. रत्नागिरीचा बाजार बहुतांशी अशाच आस्थापनांचा आहे. जयगडचे बंदर व वीजप्रकल्प, लोटे परशुरामचे रासायनिक कारखाने येथील मोठ्या कंपन्या जाहिरात देतीलही; परंतु त्यांना माल पोहोचविणारे वाहतूकदार, कंत्राटदार, सुटे भाग पुरविणारे दुकानदार, मिरजोळे वसाहतीतील लहान उत्पादक हे माणूस कसा शोधतात? शेजारच्या दुकानात विचारतात. मासळीप्रक्रियेचे कारखाने आपल्या घरांच्या यादीत येणार नाहीत, हे उघड आहे. ते सोडूनही यादी पुरेशी लांब राहते.

दारात उभे राहून काम मागणे या जिल्ह्याला नवे नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांना रत्नागिरीने पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरविली. त्या काळी गिरणीत शिरावयाचे तर जॉबरची मर्जी लागे, आणि मर्जीसाठी दस्तुरी. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घ्यावा, असे सुचविले. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आली: कार्डधारकाने रोज सकाळी गिरणीत हजर व्हावयाचे आणि गैरहजर माणसाच्या जागी त्याला घ्यावयाचे. ती पद्धत सुखाची नव्हती. हजर राहूनही अनेकांना रिकाम्या हाताने परतावे लागे. तरीही मध्यस्थाला काही मोजावे लागते, ही गोष्ट त्या पिढीला पक्की ठाऊक होती. आपल्याकडे मध्यस्थ म्हणजे मामांची किंवा काकांची चिठ्ठी. तिला दस्तुरी लागत नाही, मिंधेपण लागते. पगार कमी वाटला तरी बोलता येत नाही, काम सोडावेसे वाटले तरी मामांचा शब्द आडवा येतो.

ओळखीला महत्त्व नाही, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन शहरातील नोकरदार पुरुषांचा अभ्यास १९७४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. जाहिरात व तत्सम औपचारिक मार्गांनी सुमारे १९ टक्क्यांना, आणि थेट मालकाकडे जाऊन विचारल्याने जवळपास तितक्याच लोकांना मिळाली होती. अधिक लक्षात घेण्याजोगे हे की उपयोगी पडलेल्या ओळखी बहुधा घरोब्याच्या नव्हत्या, अधूनमधून भेटणाऱ्या माणसांच्या होत्या. कारण सरळ आहे. काकांना ठाऊक असलेल्या जागा आपल्याला आधीच ठाऊक असतात. दुकानात महिन्यातून एकदा येणाऱ्या वाहतूकदाराला दुसराच बाजार दिसतो.

जाण्याची वेळ व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावी लागू नये. कॅनिंगसाठीचा आंबा मे महिन्यात येतो. त्या गर्दीत कारखानदाराला मान वर करायला सवड नसते. हिशेब, आवक आणि मालरवानगी पाहणारा माणूस हवा का, हे त्याला फेब्रुवारीत विचारावे. ३१ मार्चची मालमोजणी प्रत्येक पेढीला करावी लागते आणि ती कोणालाच आवडत नाही. शिरकावासाठी याहून चांगले काम माझ्या पाहण्यात नाही. सनदी लेखापालांकडील आर्टिकलशिपच्या जागा तर विचारल्याशिवाय कळतच नाहीत. १ जुलै २०२३ पासून तिची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, म्हणजे त्या कार्यालयांत विद्यार्थ्यांची जागा पूर्वीपेक्षा लवकर रिकामी होते.

सोबत एक पानाचे पत्र असावे. ते साधारण असे:

‘माननीय महोदय, सादर नमस्कार. मी यंदा बी.कॉम. झालो. वडिलांच्या किराणा दुकानात तीन वर्षे खरेदीची बिले, टॅलीतील नोंदी व जीएसटीचा मासिक तपशील मी पाहिला आहे. आपल्या गोदामातून दोन तालुक्यांना माल जातो, हे मला ठाऊक आहे. मार्चअखेरच्या मालमोजणीसाठी माणूस हवा असल्यास ते काम मी करू इच्छितो. जागा नसली तरी आपल्या कामाची पद्धत समजून घेण्यासाठी दहा मिनिटे मिळावीत, ही विनंती. येत्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मी येईन. वेळ गैरसोयीची असल्यास कृपया कळवावे.’

या पत्रात ‘कोणतेही काम करीन’ हे वाक्य नाही. ‘कोणताही माल ठेवतो’ म्हणणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक काय मागणार? तसेच ‘काही महिने विनावेतन करीन’ असेही लिहू नये. नमुना फुकट द्यावा, पण तो चिमूटभर असतो, पोतेभर नव्हे. चार दिवसांची मालमोजणी करावयाची तर तिचाही मोबदला आधी ठरवावा.

वडिलांना बरोबर नेऊ नये. मालक मग वडिलांशीच बोलतो, चहा येतो, जुन्या व्यवहारांची उजळणी होते आणि उमेदवार कोपऱ्यातील खुर्चीवर राहतो. एम.कॉम. झालेल्या सुनांच्या बाबतीत हे फार घडते. सासरे सोबत गेले की पगाराचा प्रश्न त्यांच्याकडे पाहून विचारला जातो. सुनेने एकटीने जावे, आणि जाताना घरातून हसतमुख निरोप मिळावा.

कोठे गेलो, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळाले, पुन्हा केव्हा जावयाचे, याची नोंद वहीत ठेवावी. उधारीची वही ज्या घरात तीन पिढ्या चालली, तेथे हे जड जाऊ नये. पंधरा दिवसांनी दुसरी फेरी घालावी. तिसरी विचार करून.

आता गादीवर बसलेल्यांसाठी दोन शब्द, कारण हे सदर वाचणारे बहुतेक जण मागणारे नसून देणारे आहेत. न बोलावता आलेल्या मुलाला आपण ‘बघू, कळवतो’ म्हणून वाटेस लावतो. आपल्या दृष्टीने ते सौजन्य असते. तो मात्र महिनाभर फोनकडे पाहत राहतो. जागा नसेल तर तसे त्याच बैठकीत सांगावे. बसायला खुर्ची, पाणी आणि पाच मिनिटे एवढे कोणत्याही पेढीला परवडते. आणि माणूस हवा असलेला दुसरा गोदामवाला आपल्या माहितीत असेल, तर त्याचे नाव व पत्ता मुलाच्या त्याच पत्राच्या मागच्या बाजूस लिहून द्यावा. त्याचा त्या दिवसाचा फेरा वाया जाणार नाही.