दूध आटत नाही, आटवलं जातं

‘बाई, तुझं दूध पुरत नाही. डबा आण.’ तपासणाऱ्यानं एका वाक्यात निकाल दिला. आरोपी आई. अपील नाही.

मी गोदीतला हमाल. माझी मजुरी काट्यावर ठरते, म्हणून माझा पहिला सवाल काट्याचाच. काटाच खोटा असेल तर माल पुरा भरणार कसा? जगभर पोरं ज्या तक्त्यावर तोलली तो १९७७ साली अमेरिकेत निघाला. त्यातली तान्ही पोरं ओहायोची, बहुतेक बाटलीवरची. अंगावर पिणारं पोर पहिले दोन-तीन महिने झपाट्यानं वाढतं, मग बाटलीवाल्यापेक्षा हळू. ही त्याची निरोगी चाल. तक्त्यानं तिलाच खंगणं म्हटलं! अंगावर पिणारी पोरं मोजून जागतिक आरोग्य संघटनेनं नवा तक्ता काढला तो २००६ साली. त्यात आपल्या दिल्लीतलीही पोरं होती. तोवर किती आयांच्या माथी डबा मारला गेला?

आता दुधाचं ऐका. पहिल्या महिन्यानंतर सहाव्यापर्यंत पोराला दिवसाला साधारण पाऊण लिटर लागतं. वाढीचा वेग उतरत जातो, म्हणून माप फारसं चढत नाही. आणि दूध काही टाकीत भरून ठेवलेलं नसतं. पोर जेवढं ओढतं तेवढं बनतं. ओढ तुटली की आटतं.

मग ही ओढ तोडतो कोण? माझी वहिनी ठेक्यावर झाडू मारते. दीड महिन्याची बाळंतीण, मुकादम म्हणाला, ‘ये, नाहीतर नाव कापतो.’ पोर घरी भुकेलं, पान्हा पोलक्यात. चौथ्या महिन्यात दूध आटलं, पोराचं वजन अडलं. तिथं काटा खोटा नव्हता. व्यवस्था खोटी होती.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतरजेच्या बिलाची बाजू घेतली. १९२९ साली कायदा झाला. २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पण धुणीभांडी करणारी, बिगारी, रोजंदारीवरची बाई या रजेच्या बाहेरच राहते. डब्याच्या जाहिरातीला १९९२च्या कायद्यानं बंदी आहे. आईला पोरापासून ओढून नेणाऱ्या ठेक्याला बंदी कधी?

आईवर कविता पाडणाऱ्यांनो, पान्ह्याचे गोडवे बस्स करा. प्रत्येक कष्टकरी बाईला सहा महिने पगारी रजा द्या. कामाच्या जागी पाळणाघर द्या, पाजायला सुट्टी द्या. आणि दोस्तांनो, पुढच्या मोर्चाच्या मागण्यांत हे पहिल्या नंबरावर लिहा. बायांचा प्रश्न म्हणून शेवटी ढकलू नका.