वसंताच्या मालाची जोखीम कोणाची?

लंडन, पॅरिस, न्यू यॉर्क या शहरांत वसंत ऋतू झाडांवर येण्यापूर्वी मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या काचांमागे येतो. फेब्रुवारीत रस्त्यावर बर्फाचा चिखल असतानाच दर्शनी भागातल्या पुतळ्यांच्या अंगावर फिकट पिवळे, पोपटी झगे चढतात. स्त्रियांच्या कपड्यांच्या मजल्यावर नव्या हंगामाच्या पाट्या लागतात आणि हिवाळ्यातले कोट निम्म्या किमतीने कोपऱ्यात जाऊन बसतात. उन्हाळा सुरू झाला की तेच पिवळे झगे त्या कोपऱ्यात पोहोचतात. या धांदलीची टिंगल करणे सोपे आहे आणि समाजवादी चळवळीत ती पुष्कळदा झालीही आहे. परंतु ही घाई नेमकी कोणाची आणि तिचा भुर्दंड कोण भरते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. टिंगलीने तो सुटत नाही.

पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानात आरिस्तीद बूसिको १८५२ मध्ये भागीदार म्हणून आला. ठरलेली किंमत, घासाघीस नाही, आत येण्यास कोणालाही मज्जाव नाही, नापसंत माल परत, या साऱ्या रीती त्याने एकट्याने शोधल्या असे नव्हे; पण त्या एकत्र आणून त्याने त्यांचे एक यंत्र उभे केले. नगामागे नफा थोडा घ्यायचा आणि भांडवल भराभर फिरवायचे, हे त्या यंत्राचे मर्म. समजा, मालात गुंतवलेला एक रुपया वर्षातून एकदाच फिरला आणि त्यावर चाळीस पैसे सुटले. तोच रुपया वर्षातून चार वेळा फिरला आणि दर खेपेस पंधराच पैसे सुटले, तरी वर्षाअखेरीस साठ पैसे गाठीला लागतात. बूसिको आला तेव्हा दुकानाची वार्षिक विक्री पाच लाख फ्रँकही नव्हती. १८७७ मध्ये तो वारला तेव्हा ती सात कोटींच्या आसपास गेली होती. हे यश केवळ जाहिरातबाजीचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. मध्यमवर्गीय स्त्रीला कोणाच्या सोबतीवाचून आणि खरेदीच्या सक्तीवाचून तासन् तास हिंडता येईल अशी एक जागा या दुकानांनी दिली. ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

परंतु भांडवल फिरायचे तर धड असलेला कपडा जुना ठरला पाहिजे. ऋतुचक्र हे त्याचे आयते निमित्त झाले. जानेवारीच्या मंदीत पांढऱ्या कापडाचा मोठा सेल, पाठोपाठ वसंतातली नवलाई, असे दुकानाचे स्वतःचे पंचांग तयार झाले. यंदा पिवळा रंग चालेल की निळा, हे मात्र आधी कोणालाच ठाऊक नसते. ही अनिश्चितता म्हणजेच जोखीम, आणि फॅशनच्या धंद्याचा सगळा इतिहास ही जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा इतिहास आहे. दुकानदार निर्णय शेवटच्या घटकेपर्यंत लांबवतो आणि एकदा निर्णय झाला की त्याला सगळा माल उद्याच हवा असतो. मग शिलाईचे काम पुरासारखे येते. तो ओसरला की शिवणारीच्या घरी महिनोन् महिने चूल कशीबशी पेटते.

१८६३ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या युवराजाचा डेन्मार्कच्या राजकन्येशी विवाह झाला. नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ व्हायच्या नृत्यसमारंभासाठी लंडनच्या उमराव स्त्रियांना झगे हवे होते, तेही तातडीने. एका प्रतिष्ठित शिवणगृहात मेरी ॲन वॉकली नावाच्या वीस वर्षांच्या मुलीने इतर साठ मुलींसह सलग साडेसव्वीस तास काम केले. एकेका खोलीत तीस मुली होत्या आणि श्वासापुरती हवाही नव्हती. शुक्रवारी ती आजारी पडली, रविवारी मरण पावली. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये या मृत्यूची नोंद केली आहे. कामाच्या दिवसाची लांबी या प्रकरणात ती येते हे आपले कार्यकर्ते जाणतात. तो मृत्यू एका हंगामाचाही होता, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही.

येथे आपल्या चळवळीतील एका जुन्या सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. साधेपणाचा आग्रह धरताना आपल्याकडे उपदेशाचा रोख नेहमी स्त्रीच्या लुगड्याकडे आणि दागिन्यांकडे वळतो. पुरुषाच्या मोटारीकडे तो क्वचितच जातो. १९०९ च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्कमध्ये ब्लाउज शिवणाऱ्या सुमारे वीस हजार कामगारांनी संप केला. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित ज्यू आणि इटालियन मुली होत्या. संपाची हाक देणारी क्लारा लेम्लिक तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिने मांडलेल्या गाऱ्हाण्यांत कामाचे तास होते, मजुरी होती, आणि कारखान्यात टोप्या ठेवायला धड जागा नसल्याने त्या खराब होतात, हेही होते. इतर तरुणींप्रमाणे आम्हालाही नव्या टोप्या आवडतात, असे सांगायला ती संकोचली नाही. शिवणारीलाही नवे नेसावेसे वाटते. जो समाजवाद तिच्या या इच्छेला अपराध ठरवतो, तो तिला कधीही आपला वाटणार नाही.

त्या संपाला न नमलेल्या कारखान्यांत ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी होती. २५ मार्च १९११ रोजी तिला आग लागली, एका बाजूचे दार कुलूपबंद होते आणि १४६ जण मेले. ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर दोन दशकांनी झालेले काम तितके प्रसिद्ध नाही. कापड आणि नमुने ज्याचे, पण शिलाई मात्र लहान कंत्राटदारांकडून करून घेऊन जो दुकानांना माल पुरवी, त्या व्यापाऱ्याला तेथे ‘जॉबर’ म्हणत. (मुंबईच्या गिरणीतल्या जॉबरशी त्याचे नावापलीकडे नाते नाही.) स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनने १९३० च्या दशकात या जॉबरलाच कराराच्या कक्षेत ओढले. काम ठरलेल्याच कंत्राटदारांना द्यायचे, त्यांना मजुरी भागेल इतका दर द्यायचा आणि मजुरी बुडाली तर स्वतः जबाबदार राहायचे, असे त्याच्यावर बंधन आले. जोखीम जेथे जन्मते तेथेच तिला बांधण्याचा तो प्रयत्न होता.

पुढे शिलाई देश ओलांडून गेली आणि तो बांध मागे राहिला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११३४ माणसे मेली. त्यानंतर झालेल्या करारावर दोनशेहून अधिक परदेशी कंपन्यांनी सह्या केल्या आणि कारखान्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कायदेशीरपणे स्वीकारली. हे मोठेच यश होते. मात्र भाव आणि मुदत या दोन गोष्टी कराराबाहेर राहिल्या. त्याचा अर्थ मार्च २०२० मध्ये कळला. साथीमुळे युरोप-अमेरिकेतील दुकाने बंद झाली, वसंताचा माल काचांमागे तसाच राहिला आणि ऑर्डरी भराभर रद्द झाल्या. काहींचे कापड बेतून झाले होते, काहींचे कपडे शिवूनही तयार होते. पैसे माल पोहोचल्यावर द्यायचे असल्याने खरेदीदाराचे काहीच अडकले नव्हते. कापडाचे कर्ज कारखानदाराच्या डोक्यावर होते आणि न मिळालेला पगार शिवणारीच्या. रद्द झालेल्या वा रोखलेल्या ऑर्डरींचा बांगलादेशी उत्पादक संघटनेने दिलेला आकडा तीन अब्ज डॉलरांहून अधिक होता. कामगार संघटना आणि ग्राहक यांनी जगभर तगादा लावल्यावर अनेक कंपन्यांनी पुढे पैसे देण्याचे मान्य केले. ज्यांच्यावर बंधन नव्हते त्यांच्याकडून केवळ लाजेखातर जे मिळाले ते एवढेच.

हा सारा परमुलखातला प्रश्न आहे असे समजण्याचे कारण नाही. लोअर परळला ज्या फिनिक्स मिलच्या आवारात एके काळी कापड विणले जाई, तेथे आता मॉल आहे आणि चैत्राच्या घामात तेथेही ‘स्प्रिंग-समर’चा माल लागतो. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते, त्यांच्या नातींपैकी कोणी त्या काउंटरमागे उभी असेल. मालावरच्या चिठ्ठ्यांवर बांगलादेशाचे नाव असते, तसे भारताचेही असते. बंगळूर-तिरुपूरच्या शिवणाऱ्या मुली याच पंचांगाने राबतात.

कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती भरावी, हे तत्त्व भारताच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच मांडले होते. पण ते कारखान्याच्या दारापाशी थांबले. माल मागवणाऱ्या दुकानापर्यंत पोहोचले नाही. ते तेथवर नेणे ही मागणी पक्षाने आणि कामगार संघटनांनी आता नेटाने लावून धरली पाहिजे. ऑर्डर दिली की तिच्या किमतीचा ठरावीक भाग आगाऊ, कापड बेतल्यानंतर रद्द करण्यास मनाई, आणि मुदत अशी की ती पाळण्यासाठी रात्रपाळी लागू नये. अशाने कपडे महाग होतील, असा आक्षेप येईल. दुकानातल्या किमतीत शिलाईच्या मजुरीचा वाटा इतका लहान असतो की ती वाढ गिऱ्हाइकाला फारशी जाणवणार नाही. जाणवेल तो उशीर. नवा झगा काही आठवडे मागाहून काचेत येईल.