दैवाला बोल, भिंतीला अभय!

गणपति बोळवून दमलेलीं माणसें घरोघर निजलीं होतीं. सन १९९३, सप्टेंबरची ३० तारीख, पहांटेचे ३ वाजून ५६ मिनिटें. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी, आज ज्यास धाराशिव म्हणतात त्या जिल्ह्यांतील सास्तूर व भोंवतालचीं गांवें हादरलीं. सरकारी मोजणीप्रमाणें जवळजवळ आठ हजार माणसें आपल्याच घराच्या दगडमातीखालीं मेलीं. आम्ही त्या वेळीं शाळकरी पोर होतों. तेव्हांपासून आजवर एकच बोल ऐकत आलों आहोंत, "देवाची करणी! त्यापुढें माणसानें काय करावें?"

वाचकहो, या बोलाचा आज आम्हांस समाचार घ्यावयाचा आहे. देवाचाच कोप होता, तर तो भिंत पाहून कसा पडला? दोन-तीन हात रुंद भिंतींच्या माळवदांत अख्खीं कुटुंबें गेलीं. गवतानें शाकारलेल्या कुडाच्या खोपटांत निजलेलीं गरीब माणसें मात्र पुष्कळ वांचलीं. गरिबांचें पुण्य अधिक होतें म्हणावें, तर तसें म्हणावयास कोणी पुढें येत नाहीं! खरी गोष्ट साधी आहे. कूड अंगावर पडला तर माणूस झटकून उठतो. माळवद पडलें तर उठत नाहीं.

आमची दगडमातीची भिंत बाहेरून एक दिसते, पण आंतून त्या दोन असतात. बाहेरच्या अंगास एक दगडी थर, आंतल्या अंगास दुसरा, आणि मध्यें माती व कपच्या. दोन्ही थरांस धरून ठेवणारा आरपार दगड नसला, म्हणजे हादरा बसतांच भिंत पोट फुगून फुटते. वर माळवदाची माती असतेच. गळतें म्हणून दर मृगापूर्वीं आणखी टोपल्या चढतात. जुनी कोणी उतरवीत नाहीं. याचा हिशेब चौथीचें पोर करील. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशें घनफूट. घनफुटास सुमारें ४५ किलो धरले, तर ६७ क्विंटल! ज्वारीचीं सदुसष्ट पोतीं डोक्यावर टांगून आम्ही लेंकरें निजवतों, आणि वर दैवास बोल लावतों!

कोणी म्हणेल, हें आधीं कोणास ठाऊक होतें? हा आक्षेप अगदींच खोटा नव्हे. त्या काळच्या सरकारी नकाशांत हा टापू भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीस लहान धक्के बसत होते, तरी घरें होतीं तशींच राहिलीं. नकाशा काढणारे चुकले. पण त्यांनीं २००२ सालीं चूक सुधारून हा टापू वरच्या, तिसऱ्या पट्ट्यांत घातला. आम्हीं आमची चूक कधीं सुधारली? २०२४ च्या मार्चच्या २१ तारखेस हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, जुलैच्या १० तारखेस तेवढाच दुसरा. गांव दोन दिवस अंगणांत निजला, तिसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच भिंतीखालीं गेला.

घर बांधावयास निघालों कीं पहिला खर्च मुहूर्ताचा, दुसरा वास्तुशांतीचा, तिसरा गांवजेवणाचा. दार कोणत्या दिशेस असावें याचा खल महिनाभर चालतो. कोपऱ्यांतले दगड एकमेकांत गुंतले आहेत कीं नाहींत, हें कोणी विचारीत नाहीं. किल्लारीस पडलेल्या घरांत बिनमुहूर्ताचीं किती होतीं, हें मुहूर्तवाल्यांनीं एकदां सांगावें! ज्याची श्रद्धा असेल त्यानें पूजा खुशाल करावी. पण पूजेस सढळ हात आणि गवंड्याच्या मजुरीस घासाघीस, ही रीत आम्हांस मान्य नाहीं.

आम्हीं शाळेंत मुलांस काम दिलें, कीं घरीं जाऊन भिंत मोजा, छताची माती मोजा. निम्म्याहून अधिक मुलें जुन्या दगडमातीच्या घरांत निजतात असें निघालें. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आजोबांनीं भूकंपाच्या पैशांत विटा-सिमिटाची खोली बांधली. तिच्यांत सोयाबीन असतं. आम्ही जुन्यांत निजतों." पीक पक्क्या घरांत आणि लेंकरूं कच्च्या घरांत! त्या पोरीपुढें आम्हांस मान वर करवेना. कारण आमचीही तीच तऱ्हा होती.

जुनें घर उन्हाळ्यांत थंड असतें. तें पाडा असें आम्ही म्हणत नाहीं. तें बांधून घ्या. माळवदावरची जादा माती उतरवा, वीतभर ठेवा, व गळूं नये म्हणून तिच्याखालीं प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरा. भिंतींत मीटर-मीटर अंतरावर हलक्या हातानें दगड काढून आरपार भोंक करा, त्यांत दोन्ही टोंकांस वांकवलेली सळई घालून काँक्रीट भरा. खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत सुताराकडून तिरपे आधार ठोकून घ्या. नवें घर असेल तर दाराखिडक्यांच्या माथ्यावरून चारी भिंतींस सळईच्या काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवा. पत्र्यावर दगड ठेवूं नका, पत्रा हुकांनीं आवळा. फडताळाखालीं लेंकरें निजवूं नका. दाराची वाट मोकळी राखा. पहार, टिकाव, खोरें घरांत न ठेवतां गोठ्यांत ठेवा. घर पडलें तर हत्यारेंही त्याखालीं जातात.

यांत माती उतरण्यास कोणाच्या सहीची गरज नाहीं. घरचीं चार माणसें दोन दिवसांत काम उरकतील. भिंत बांधण्यास गवंडी लागेल. त्यास हें काम शिकविणें ग्रामपंचायतीचें व सरकारचें कर्तव्य आहे, आणि तें ग्रामसभेंत उभें राहून मागणें आपलें. दर ३० सप्टेंबरास श्रद्धांजलीचीं भाषणें होतात. त्याच दिवशीं गांवोगांव एका घराची भिंत सर्वांसमक्ष बांधून दाखविली, तर मेलेल्यांस अधिक मान मिळेल.

गवंडी, सुतार, लोहार बंधूंनो, तुमच्याशींही एक शब्द. मालक घाई करील, पैसे कापील, आरपार दगड गाळा म्हणेल. ऐकूं नका. ओळंबा तुमच्या हातीं आहे. आणि शेतकरी बंधूंनो, यंदा मृगापूर्वीं माळवदावर जाल, तेव्हां टोपली भरून चढूं नका. रिकामी घेऊन चढा आणि भरून उतरा.