पहिला उतार

कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना एक भगिनी आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांची कन्या व तिच्या दोन मैत्रिणी येत्या हिवाळ्यात औलीस स्कीइंग शिकावयास निघाल्या आहेत. कपडे कोणते, औषधे कोणती, हे सारे विचारून झाल्यावर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण भाऊ, तिथे धोका कितपत?" आम्ही दुधाचा पेला त्यांच्या पुढे करून विषय टाळला. टाळण्यास कारण होते. ते आज सांगतो.

आम्हां बालाघाटकरांचा बर्फाशी परिचय तो किती? उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर किसला जातो, तेवढाच. असे असता दोन वर्षांमागे फेब्रुवारीत आम्ही व आमचा बावीस वर्षांचा पुतण्या गोंदियाहून गाडी धरून दिल्ली, हरिद्वार करीत जोशीमठास पोचलो. तेथून औलीस नेणारा रज्जुमार्ग, जमीन खचू लागल्यामुळे, जानेवारी २०२३ मध्येच बंद करण्यात आला होता. मोटारीने वर गेलो. समोर नंदादेवी, पायांखाली बर्फ. पुतण्या हरखून गेला.

पहिले दोन दिवस शिक्षकांनी आम्हांस चाळीसएक पावलांच्या उतारावरच ठेवले. तेथे शिकविले ते एकच, वेग आवरणे. दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणावयाची, मागची फाकवावयाची आणि आतल्या कडा बर्फात रुतवावयाच्या. इंग्रजीत या आकाराला नांगराचेच नाव आहे. धानाच्या मुलखातून आलेल्या आम्हांस ती उपमा चटकन कळली, पाय मात्र कळवून घेईनात. बैहरच्या वाटेवर घाट उतरताना चालक खालचा गियर टाकतो, त्यातलाच हा प्रकार.

तिसऱ्या दिवशी पुतण्यास त्या उताराचा कंटाळा आला. शेजारी सहा-सात वर्षांची पोरे सरसर उतरत होती, हे त्याला विशेष लागले. आमच्याच मुक्कामी उतरलेली काही तरुण मंडळी चेअरलिफ्टने वर निघाली होती. वरून छायाचित्रे फार सुरेख येतात, असे त्यांचे म्हणणे. शिक्षक म्हणाले, आणखी दोन दिवस थांबा. पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आणि आम्ही म्हणालो, "जा रे, इथे काय पुन्हापुन्हा येणे होते?"

वरचा उतार रात्रीच्या गारठ्याने काचेसारखा घट्ट झाला होता. कडा रुतेनात, नांगर धरेना. तो पडला तेव्हा एक पट्टी बर्फात अडकून राहिली आणि गुडघा पिळवटला. आतला अस्थिबंध तुटला होता. पुढे नागपुरास शस्त्रक्रिया, आठ महिने काठी. त्या संध्याकाळी बालाघाटास फोन लावला तेव्हा वहिनींनी एवढेच विचारले, "भाऊजी, तुम्ही तिथेच होता ना?"

तेव्हापासून उतारांविषयी आम्ही बरेच वाचले, जाणत्यांना विचारले. नवशिक्याने उतार पाहावा तो खालून. तो कोठे संपतो? पुढे सपाट, मोकळे मैदान आहे, की झाडे, रस्ता, कठडा? आपल्याला थांबता येणार नाही असे गृहीत धरावे, आणि जो उतार आपण होऊन आपल्याला थांबवील तो पत्करावा. दुसरे, सरासरीवर विसंबू नये. सारा उतार सौम्य असून मध्ये वीस पावले खडी असतील, तर नवशिक्यासाठी तो उतार त्या वीस पावलांइतकाच कठीण. शक्य तर आधी कडेकडेने पायी चढून जावे; खडे कोठे, घट्ट कोठे, ते पोटऱ्या सांगतात. वेळही पाहावी. सकाळी बर्फ कडक असते, ऊन चढले की मऊ पडते, उन्हे उतरली की पुन्हा गोठते. सांगितलेल्या जागी, सांगितल्या क्षणी, दोन्ही अंगांना वळून थांबता येईपर्यंत वर जाण्याची घाई नको. चुकून गेलोच, तर पट्ट्या काढून कडेने चालत उतरण्यात कमीपणा तो कसला?

गुलमर्गास जाणाऱ्यांनी हे अधिकच ध्यानी घ्यावे. तेथील गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगदूरीपर्यंत सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये अफरवतच्या अंगावर ३,९०० मीटरांहूनही उंच गेला. तिकीट कोणासही मिळते, म्हणून तेथून उतरणेही कोणासही साधेल असे वाटते. वस्तुतः वरचे बर्फ यंत्राने सारखे केलेले नसते आणि तेथे हिमस्खलनाचे भय असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच डोंगरावर एक परदेशी स्कीपटू असाच दगावला. शिकणाऱ्यांची जागा खाली, गोल्फच्या मैदानाजवळील सौम्य उतारांवर.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्यासाठी रंगांचा घोळ सांगतो. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथे निळा उतार सर्वांत सोपा. जर्मनी-ऑस्ट्रियात तो साधारणतः शंभर मीटरांस पंचवीस मीटरांपेक्षा अधिक उतरत नाही. फ्रान्समध्ये त्याहून सोपा हिरवा असतो. अमेरिकेत सोपा तो हिरवा आणि निळा मध्यम! शिवाय तेथील रंग त्या-त्या डोंगरावरील इतर उतारांच्या तुलनेने दिलेले असतात. एका गावचा निळा दुसऱ्या गावी काळाही ठरू शकतो. युरोपचा निळा पचविलेल्या मुलाने अमेरिकेत गेल्यावर हिरव्यापासूनच आरंभ केलेला बरा.

कोजागरीच्या त्या भगिनींना हा मजकूर छापण्याआधीच वाचून दाखविला. कन्येच्या सामानात हा अंक ठेवणार आहेत. आमचा पुतण्याही यंदा पुन्हा जाऊ म्हणतो. वहिनींनी परवानगी दिली आहे. काकांस सोबत नेऊ नये, एवढीच अट घातली आहे.