मुतखडा आणि मिठाचा खडा

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आरोग्याच्या कामासाठी फिरताना आम्हाला मुतखड्याने बेजार झालेल्या भगिनी भेटतात. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध, ताक, नागलीची भाकर बंद करा, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. आमच्या मते हा सल्ला चुकीचा आहे. त्याने खडा टळत नाही, हाडे मात्र झिजतात.

मूत्रपिंडाच्या गाळणीतून दिवसाला सुमारे ८ ते १० ग्रॅम कॅल्शियम उतरते. त्यातले जवळजवळ ९८ टक्के शरीर परत घेते. लघवीवाटे साधारण १०० ते २५० मिलिग्रॅम जाते. रक्तात कॅल्शियम कमी पडले, की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी मूत्रपिंडाला ते जास्त राखायला लावतात आणि हाडांतूनही काढून घेतात. याउलट मीठ जास्त खाल्ले, तर बाहेर जाणाऱ्या सोडियमबरोबर कॅल्शियमही लघवीत वाहून जाते. म्हणून हात आखडायचा तो खारवलेल्या मासळीवर, लोणच्यावर, फरसाणावर. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे.

जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेते. कॅल्शियम तोडले, की मोकळे ऑक्झलेट लघवीत उतरते आणि खडा बनवते. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर ५ वर्षे झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम पुरेसे ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना.

राहिला प्रश्न पाण्याचा. दिवसाला दोन लिटरहून जास्त लघवी होईल एवढे पाणी प्या, असे सांगणे सोपे आहे. (हृदयाचा किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.) पण वीटभट्टीवर, कारखान्यात उभ्या असलेल्या बाईला आडोसा नसेल, तर ती दिवसभर तहान मारते. लघवी घट्ट होते, खडा धरतो. दोष मात्र तिच्या भाकरीला!

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १८ मध्ये पिण्याचे पाणी आणि कलम १९ मध्ये शौचालय देणे मालकावर बंधनकारक होते. कायदा लागू नसलेल्या कामाच्या जागीही तहान तीच असते. तेव्हा भगिनींनो, ताटातली नागली सोडू नका. मीठ कमी करा आणि कामावर पाणी व शौचालय एकजुटीने मागा.