पहिला हंगाम आणि एक मत



ऊस आणि साखरेच्या या पानावर फुटबॉलची गोष्ट बघून काही जण हसतील. हसू द्या. पण गोष्ट आपल्याच घरची आहे, म्हणून सांगतो.

२००५ साली इंग्लंडातल्या मँचेस्टर युनायटेड या नामांकित क्लबाचा ताबा ग्लेझर या अमेरिकन घराण्यानं शेअर खरेदी करून मिळवला. त्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबावरच पडला. म्हणजे बैल घेणारा वेगळा, आणि हप्ते बैलानंच फेडायचे! पिढ्यान् पिढ्या तिकीट काढून मैदानावर येणाऱ्या साध्या माणसाला कुणी विचारलं नाही. त्याला मतच नव्हतं.

तेव्हा त्यातले काही जण बाहेर पडले आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्वतःचा क्लब काढला: एफ.सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर. नोंदणी केली ती सहकारी कायद्याखाली. पैसे कितीही घाला, प्रत्येक सभासदाला मत एकच. संचालक सभासदांनीच निवडायचे. क्लबाचं नावही सभासदांच्याच मतानं ठरलं. खेळाडूंच्या अंगरख्यावर कोणत्याही कंपनीची जाहिरात नको, हेही त्यांनी ठरवून टाकलं.

सुरुवात अगदी तळापासून, म्हणजे दहाव्या पायरीवरच्या लीगमध्ये झाली. स्वतःचं मैदान नव्हतं. बेरी गावचं गिग लेन मैदान भाड्यानं घेतलं. १३ ऑगस्ट २००५ रोजी लीक गावात पहिला लीग सामना झाला, तो ५-२ नं जिंकला. त्या पायरीवर जिथं शेदोनशे माणसं जमली तरी पुष्कळ, तिथं यांच्या घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजार माणूस येऊ लागलं. एप्रिल २००६ मध्ये एका सामन्याला तर ६,०२३ जण आले. पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळालं, क्लब वरच्या गटात गेला. पुढची दोन वर्षंही एकेक पायरी चढला.

पण आम्हाला सांगायचं आहे ते पुढचंच. पहिल्या हंगामाला उत्साह असतो. चाचणी गळिताला मोळी टाकताना सगळा गाव लोटतो, हे काय आपल्याला ठाऊक नाही? खरी परीक्षा नंतरची. या क्लबाला स्वतःचं मैदान उभं करायला दहा वर्षं लागली. सभासदांनी आणि लोकांनी भाग घेऊन वीस लाख पौंडांवर रक्कम जमवली, तेव्हा २०१५ मध्ये ब्रॉडहर्स्ट पार्क सुरू झालं. लगेच २०१६ मध्ये कारभारावरून सभासदांत जोराचा वाद पेटला, काही संचालक पायउतार झाले, नवी निवडणूक झाली. काही म्हणतील, बघा, सहकार म्हटला की भांडणं! आम्ही म्हणतो, मालकानं हिशेब विचारला, यात वाईट काय? विचारायची सोय होती म्हणून तर क्लब सभासदांच्याच हातात राहिला.

बेरीच्या शेजारीच रॉचडेल आहे. १८४४ साली तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी सहकारी दुकान उघडलं, आणि एक सभासद एक मत हा नियम तिथूनच जगभर गेला. आपल्या १९६० च्या सहकार कायद्यातही तोच नियम आहे. एक एकरवाल्याचं आणि पन्नास एकरवाल्याचं मत सारखंच.

आता आपण या मताचं काय करतो? वार्षिक सभेला येतो, हजेरीपुस्तकात सही करतो, अहवाल न उघडताच पिशवीत टाकतो आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणून जेवायला पळतो. सवलतीच्या साखरेची तारीख तोंडपाठ असते, पण कारखान्यावर कर्ज किती ते विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघतो. यात आम्हीही आलोच, नुसतं तुम्हाला बोल लावत नाही.

त्या लोकांना मत नव्हतं, म्हणून त्यांनी नवा क्लब काढला. आपल्याला ते आयतं मिळालंय. येत्या सभेला अहवाल वाचून या, एक तरी प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू नका. कारखाना आपला आहे, तो आपलाच राहायला हवा.