एक पुरवठा, दोन वाटेकरी

देवनहळ्ळीला बदली झाली तेव्हा काळ्या ट्रंका मोजताना बायकोने एकच प्रश्न विचारला, "यातल्या कितींमध्ये लोखंड आहे?" तीन. एकात घरी बनवलेल्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्यात रेकॉर्ड प्लेयरच्या प्रीअॅम्पचा आणि तिसऱ्यात "पुढेमागे लागेल" म्हणून जपलेला. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. म्हणून इथे आल्यावर ठरवलं, वीजपुरवठ्याची एकच पेटी करायची आणि दोन्ही यंत्रं तिच्यावर चालवायची.

बंगळुरू ही या कामासाठी योग्य जागा. आमच्या किल्ल्याच्या गावापासून जालहळ्ळी फार लांब नाही. तिथे १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स उभी राहिली ती फौजेच्या गरजेसाठी, आणि १९६१ पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व्हही बनू लागले. आजोबांच्या पिढीचे कितीतरी रेडिओ या 'बेल'च्या व्हॉल्व्हवर बोलले. माझ्या पेटीतला ईझेड८१ त्याच कारखान्याचा, एसपी रोडवर धूळ झटकून घेतलेला. तो १५० मिलिअँपिअरपर्यंत देतो. दोन ईएल८४ मिळून साधारण ११० खातात, प्रीअॅम्पचे तीन ईसीसी८३ जेमतेम पाच-सहा. हिशेब बसतो.

शौकीन मंडळींत याला विरोध करणारे बरेच आहेत. ते म्हणतात, एक पेटी बिघडली की सगळंच बंद. खरं आहे. पण घरी गाणं थांबलं तर कुठली आघाडी उघडी पडत नाही. दुसरा आक्षेप घूं आवाजाचा, आणि तोही खरा आहे. दोन्ही यंत्रांची ग्राउंड तार पुरवठ्याच्या पेटीत भेटते आणि सिग्नलच्या केबलमधूनही भेटते. असं वर्तुळ तयार झालं की कुमारजींच्या आलापाखाली डासासारखी गुणगुण सुरू. त्यावर इलाज आहे. प्रीअॅम्पची सिग्नल ग्राउंड पुरवठ्याच्या तारेला थेट न जोडता दहा ओहमच्या रेझिस्टरमधून जोडायची. पत्र्याच्या प्रत्येक पेटीचं अर्थिंग मात्र पक्कं हवं, त्यात तडजोड नाही. फिलामेंटची तार जाड घ्यावी. अडीच अँपिअर बारीक तारेतून मीटरभर नेले तर सहा पूर्णांक तीनमधले ०.४ व्होल्ट वाटेतच गळतात.

माझा मुद्दा वेगळा आहे. सामायिक पुरवठ्याचा खरा धोका आवाजात नाही, प्लगमध्ये आहे. त्यावर आपण पुरेसं बोलत नाही.

मागच्या पोस्टिंगची गोष्ट. पेटीवर सॉकेट आणि अॅम्पच्या केबलला पिनांचा प्लग, म्हणजे जिवंत पिना कुठेच उघड्या नाहीत, अशा समाधानात मी होतो. व्होल्टेज तपासायचं म्हणून व्हॉल्व्ह काढून ठेवले होते. स्विच बंद केला, प्लग उपटला आणि शेजारी मदतीला उभ्या असलेल्या आमच्या सातारच्या सुभेदार साहेबांच्या हातात दिला. ते खुर्चीसकट मागे गेले. सुदैवाने झटका हातापुरता राहिला. दोन मिनिटांनी पाणी पिऊन म्हणाले, "साहेब, बंद केलं ते तुम्ही. त्यानं कुठं ऐकलं?"

चूक पूर्णपणे माझी. अॅम्पच्या आतले कपॅसिटर साडेतीनशे व्होल्टला भरलेले होते. गरम व्हॉल्व्ह जागेवर असते तर त्यांनी तो साठा क्षणात पिऊन टाकला असता. रोज तसंच घडतं आणि म्हणूनच आपण गाफील राहतो. त्या दिवशी पिणारं कोणी नव्हतं, आणि साठा उघड्या पिनांवर येऊन थांबला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पुरवठा एक ठेवा, पण सुरक्षा प्रत्येक पेटीची स्वतंत्र ठेवा. फौजेत रेशन एका डेपोतून येतं, तरी पहारा प्रत्येक पलटण आपापला लावते. प्रत्येक यंत्रात कपॅसिटरवर कायमचा १०० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर हवा. शंभरेक मायक्रोफॅरडचा साठा वीसेक सेकंदांत पन्नास व्होल्टच्या खाली येतो. प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज हवा. प्लगमधल्या दोन पिनांतून रिलेचा वळसा न्यावा, म्हणजे प्लग पूर्ण बसल्याशिवाय पेटी चालूच होणार नाही. कपॅसिटर ४५० व्होल्टचेच, कारण एक वाटेकरी काढला की व्होल्टेज चढतं. या सगळ्याचा खर्च एका चांगल्या व्हॉल्व्हपेक्षा कमी आहे. तो वाचवून सुंदर लाकडी पेटी करणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही. घरात मुलं असतात, मदतीला येणारी माणसं असतात. आपण काय सोडून दिलंय हे त्यांना माहीत नसतं.

नवी पेटी गेल्या रविवारी पुरी झाली. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, खालून घरमालकांचा आवाज आला, "करंट होय्तु!" गाणं विरत गेलं. अंधारात माझी चौदा वर्षांची मुलगी झाकणाकडे हात नेणार, तेवढ्यात थांबली. टॉर्च तोंडात धरून तिने मीटर लावला, एक हात पाठीमागे ठेवून, शिकवल्याप्रमाणे.

"बाबा, शून्य."

सुभेदार साहेब आता निवृत्त होऊन गावी आहेत. त्यांना फोन करून हे सांगितलं. म्हणाले, "मीटर आधी चालू लाईनीवर तपासला होता का, ते विचारा तिला."

विचारलं. नव्हता तपासला.